आईच्या गाण्याची सीडी

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या एका बाईंनी मासिक उघडलं खरं, पण लक्ष सगळं शेजारच्या बहीण-भावाकडे. त्यांचे वडील आत श्रवणयंत्र बसवून घेत होते.

"आईची सीडी कॉम्प्युटरवर उतरवलीस ना रे? बाबांना बाहेर आल्या आल्या तेच ऐकायचंय."

"उतरवली, ताई. आठवडा गेला."

"एका गाण्याला?"

"ओरखडे किती होते तिच्यावर. एकेक जागा कॉम्प्युटरकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची, दोन वेळचं तंतोतंत जुळेपर्यंत."

"तू? शाळेत एक गणित कधी ताडून पाहिलं नाहीस."

"तेव्हा ताडायला आई होती."

"हं. आणि फाईल एवढी मोठी कशाला? माझ्या फोनमधले निम्मे फोटो उडवायला लावलेस."

"लहान केली की बारीक आवाज गळतात. तिचं एवढं एकच गाणं आहे आपल्याकडे. त्यातलं काय गाळू, सांग."

"गुणाचा आहेस बाबा. एरवी तोंडावर म्हणत नाही मी."

"बरं वाटतं. म्हणत जा."

"पण यंत्र लावूनही त्यांना नाहीच ऐकू आलं तर?"

भावानं तिचा फोन घेऊन गाणं शोधून ठेवलं.

दार उघडलं. वडील येऊन दोघांच्या मधे बसले. भावानं सवयीनं आवाज पार शेवटपर्यंत वाढवला आणि गाणं लावलं. खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"कमी कर रे. चारचौघांत लाजायची ती. एवढ्या मोठ्यानं कधी गायली नाही," वडील म्हणाले.

"केला कमी. आता येतंय का ऐकू, बाबा?"

"येतंय. तुम्ही दोघं जरा गप्प बसा."