तेवीस पॉईंटांवर पास

द्वारकाबाई : तेवीस पॉईंट, श्रेया. एक्का-राजा-राणी-गुलामाचे बावन्न पत्त्यांत मिळून चाळीस असतात, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या तुझ्या हातात. अन् तू पास म्हणतेस.

श्रेया : चार इस्पिकवर पास म्हटलं, काकू. दहा हातांची बोली होती ती.

द्वारकाबाई : आले बारा. दुसऱ्या टेबलावरही हेच पत्ते वाटलेले, तिथं विरुद्ध संघाच्या जोडीनं सहाची बोली लावली. मॅच तिथंच गेली.

बद्रीनाथ : मी आपला गाडी चालवणारा. रमीच्या पुढं मला काही कळत नाय, म्हणून विचारतो. हात जास्त आले तर वाईट कसं?

श्रेया : काका, ब्रिजमध्ये किती हात करणार ते आधी सांगावं लागतं. बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे. सहाची बोली म्हणजे बारा हात, त्याला स्लॅम म्हणतात. बारा सांगून बारा केले तर भरपूर गुण. दहा सांगून बारा केले तर वरचे दोन जवळपास फुकट.

बद्रीनाथ : मग सांगायचं बारा.

श्रेया : भारी पत्ते आले की तेच अवघड होतं. आपणच उडी मारली तर जोडीदाराकडं काय आहे ते कळत नाही. म्हणून मी आधी ‘दोन किलवर’ म्हटलं. त्याचा किलवरशी काही संबंध नाही. माझे पत्ते भारी आहेत, तुम्ही पास म्हणू नका, एवढाच अर्थ. काकू ‘दोन चौकट’ म्हणाल्या, म्हणजे ऐकतेय, बोल पुढं. मग मी ‘दोन इस्पिक’. हा माझा खरा रंग.

बद्रीनाथ : अन् मग आमच्या बाईसाहेब काय म्हणाल्या?

द्वारकाबाई : चार इस्पिक.

श्रेया : तीन म्हटलं असतं तर ‘आणखी वर बघू’. चार म्हणजे ‘इस्पिकं आहेत, बाकी काही नाही, इथंच थांब’.

बद्रीनाथ : तू थांब म्हणालीस, ती थांबली. मग क्रांती चौकापासून पोरीच्या मागं का लागलीस?

द्वारकाबाई : अहो, एवढे पत्ते असले की थांब म्हटलं तरी एकदा वर जाऊन बघायचं असतं. आपल्या क्लबातली तनुजा नसती थांबली. हे बघ श्रेया, नाशिकच्या स्पर्धेला जोडीची नावं आज द्यायची आहेत. तोंडावर सांगते. तुझा हिशेब चोख आहे, गेलेलं पान तू विसरत नाहीस. पण काळीज लहान आहे तुझं. मी तनुजाला विचारणार.

श्रेया : विचारा, काकू.

बद्रीनाथ : बस, एवढंच? भांड की जरा.

श्रेया : कुणाबरोबर खेळायचं ते काकूंनी ठरवायचं, काका.

बद्रीनाथ : बरं, मला एक सांग द्वारके. त्या डावाला मी तुझ्याच मागं उभा होतो, चहा घेऊन. इथंच थांब म्हणायचं होतं, तर तू एवढा वेळ का लावलास? बोलीच्या कार्डाकडं हात नेलास, मागं घेतलास, परत नेलास. माझा अर्धा कप चहा झाला तोवर.

द्वारकाबाई : विचार करत होते. इस्पिकं चार होती अन् बदामाचं एकच पान. बदाम संपला की हुकूम मारता येतो. तीन म्हणावं का चार…

(सिग्नल लागतो. गाडी थांबते.)

द्वारकाबाई : श्रेया.

श्रेया : काय, काकू?

द्वारकाबाई : तुला दिसलं ते.

श्रेया : समोरच बसले होते मी.

बद्रीनाथ : काय दिसलं?

द्वारकाबाई : माझं घुटमळणं. हातात काहीच नसलेली बाई अशी घुटमळत नाय. मी ‘थांब’ म्हणाले, पण माझ्याकडं काहीतरी आहे हे तिला कळून चुकलं.

बद्रीनाथ : मग तर सोपं झालं. कळलं होतं तर सहा म्हणायचं.

श्रेया : तेच चालत नाही. जोडीदाराच्या बोलीतून जे कळलं तेवढंच वापरायचं. चेहरा, उसासा, उशीर, यातून कळलेलं सोडून द्यायचं. म्हणून मी स्वतःला विचारलं, काकूंनी हेच चार इस्पिक झटकन मांडलं असतं, तर मी काय केलं असतं?

बद्रीनाथ : काय केलं असतंस?

श्रेया : खरं सांगू? ठरेना. पुढं जाण्यासारखं होतं, थांबण्यासारखंही होतं. असं असेल तर उशिरानं जी वाट दाखवली, ती धरायची नाही. राहिला पास.

बद्रीनाथ : विरुद्ध जोडीनं ओरड केली असती का?

श्रेया : त्यांचं लक्षच नव्हतं. एक जण गुण लिहीत होते, दुसऱ्या बाई पत्ते लावत होत्या.

बद्रीनाथ : म्हणजे खपून गेलं असतं.

श्रेया : हो. पण मग ती बोली काकूंच्या पत्त्यांवर नसती झाली, काका. त्यांच्या बोटांवर झाली असती.

द्वारकाबाई : हे मघाशी का नाय बोललीस? मी तुला भित्री म्हणाले.

श्रेया : बोलले असते तर हरल्याचं खापर तुमच्यावर फुटलं असतं. आणि तुमचा विचार चुकीचा नव्हताच. सगळे मिळून तीन पॉईंट होते तुमच्याकडं. तरी त्या एकट्या बदामाची किंमत तुम्ही ओळखली. तुमचे पत्ते टेबलावर उघडले तेव्हा कळलं मला, का अडला होतात ते. मी तर डोळे झाकून चार म्हटलं असतं.

द्वारकाबाई : किंमत ओळखली, पण उशिरा. तू दोन किलवर म्हणालीस तेव्हाच पुढची उत्तरं तयार ठेवायला हवी होती. आधी ठरवायचं, मग कार्डाला हात लावायचा. अन् उशिरातून कळलेलं सोडून द्यायचं, हे कुणी शिकवलं तुला?

श्रेया : तुम्हीच. पहिल्याच दिवशी, तुमच्या जेवणाच्या टेबलावर. काका शेंगा फोडत बसले होते.

बद्रीनाथ : व्हय. मला टरफलांचा आवाज करू नका म्हणून बाहेर बसवलं होतं.

द्वारकाबाई : हातात एवढे पत्ते धरून गप्प बसायचं… अहो, लई अवघड असतं ते. तिच्या वयात मला जमलं नसतं. आजसुद्धा जमेल का, सांगता येत नाय.

बद्रीनाथ : अन् तनुजाला?

द्वारकाबाई : तनुजा चांगली खेळते. तिचं नाव घेऊ नका मध्ये.

बद्रीनाथ : बरं बाई. सेव्हन हिल आलं. पोरी, तुला कुठं सोडू?

श्रेया : पुलाच्या अलीकडंच सोडा. काकू, मग नाशिकला कुणाचं नाव देताय?

द्वारकाबाई : तुझं.

बद्रीनाथ : ह्या वेळी चहाचा एक घोटसुद्धा झाला नसता.