रोटाच्या दिवशीचा वास

देवपूरच्या दवाखान्यात शिंदखेड्याच्या दोघी बहिणी माझ्यासमोर बसल्या होत्या. थोरलीचा मुलगा भूषण आत खाटेवर होता. मी काही कान झाकून बसणारी बाई नाही.

"अक्का, भूषण कधीपासून प्यायले लागला?"

"थेंब नाही प्यायला, रूपा. डॉक्टर म्हने, साखर लई वाढली की श्वासाले तसाच गोड, आंबूस वास येतो."

"मग तुले कसं कळनार?"

"विचारायचं तरी! आठ दिवस घटाघटा पानी पीत व्हता, अंगानं उतरला व्हता. मी म्हटलं, हे सारे दारूचेच ढंग."

"अन् कानबाईच्या दिवशी?"

"सारे भाऊबंद देवीच्या परसादाचा रोट खायले बसले व्हते. तो बाजूले टेकला, वास आला, अन् मी चारचौघांत पाटावरून उठवला. म्हटलं, पिऊन येनाऱ्याले देवीचा रोट नाही."

"तो काही बोलला नाही?"

"कानबाईची आन घेत व्हता. म्हटलं, आनबी बाटलीतलीच. अंगनात जाऊन कोसळला."

"आता शुद्धीवर आला ना?"

"सकाळी आला."

"काय म्हटला?"

"माले जवळ बोलावलं. तोंड उघडलं अन् म्हने, आई, आता हुंगून पाहा."