केरबा पैलवानाचा खुराक

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो. माणसानं मटण सोडलं, मासा सोडला, गळ्यात माळ घातली — झालं त्याचं काळीज निरोगी? अहो, पुढच्या रांगेतले माळकरी बघा, कशा माना डोलावतायत! डोलवा, डोलवा! आख्यान संपेपर्यंत मान तशीच राहते का बघू!

ऐका. डोंगरावर भैरोबा, पायथ्याला गाव, आणि गावात केरबा पैलवान. तरण्या वयात असा गडी, की आखाड्यात उतरला की समोरचा आधी देवाचं नाव घ्यायचा! पुढं वय झालं. तालीम सुटली, गुडघे बोलायला लागले. सगळं सुटलं, पण एक सुटलं नाही. काय? खुराक! मेहनत बंद, खुराक चालू! सकाळी अंडी, दुपारी मटण, रात्री उरलेलं मटण!

आणि या केरबाच्या घराला मान होता सासनकाठीचा. उंचच्या उंच बांबू, त्याला रंगीत कापडं. चौघांनी दोर धरायचे आणि मधे एकानं काठी पेलून हलगीवर नाचवत डोंगर चढायचा. आज्यानं नाचवली, बापानं नाचवली, केरबानं नाचवली. पण एका यात्रेला काय झालं? निम्म्या पायऱ्यांवर छातीत कळ! काठी कलली! दोरवाल्यांनी सावरली म्हणून बरं, नाहीतर देवाच्या दारात अनर्थ!

तालुक्याला डॉक्टर नसीम मुल्लाणी. कोण ही? केरबाच्या वस्तादांची लेक! लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेली पोर. तिनं रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, ईसीजी म्हणतात ती, आणि डोळे वटारले.

"मामा, कोलेस्टेरॉल लई वाढलंय. हृदयाकडं जाणारी वाट अरुंद झालीया. गोळ्या चुकवायच्या न्हाईत आणि मटण कमी करायचं. न्हाईतर फुडच्या यात्रेला काठीला हात लावू देणार न्हाई!"

"कमी?" केरबा गरजला. "पैलवान कमी करत न्हाई. सोडतो!"

आणि सोडलं की! भैरोबापुढं माळ घातली. बायको शालन, ती तर रडायलाच लागली आनंदानं. पण मंडळी, अंगाला बळ तर पाहिजे! मग पैलवान निघाला दूधकट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार थेट गुलासात, वर बोटभर फेस! एक गुलास झाला, दुसरा झाला. घरी येऊन साय, खवा, बासुंदी, भाकरीवर तुपाचा गोळा!

शालन म्हणाली, "आवो, मटकीची उसळ करते. तीबी अंगाला लागती."

"उसळ? आजाऱ्याचं खाणं माझ्याफुडं ठेवतीस व्हय? दूध सात्त्विक असतंय!"

"काठी गेली खड्ड्यात, मला माझा माणूस पायजे!" म्हणाली ती. पण ऐकतो कोण?

काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडा कुठं? तिथंच! तसूभर हलला नाही! आता का माना थांबल्या हो, माळकरी?

केरबा घरी येऊन उंबऱ्यावर बसला. आखाड्यात पाठीला माती लागली तेव्हा जो रडला नव्हता, त्याचे डोळे भरून आले. "देवा, तुझ्यासाठी जिभेच्या चोचल्यांवर पाणी सोडलं. तरीबी माझी काठी काढून घेतोस?"

मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. डोळे पुसायला नाही हो! थेट चुलीपाशी गेल्या आणि सायीचं पातेलं उचलून आणलं.

"मामा, देवाला बोल लावू नका. हे काय हाय? प्रोटीन म्हंजे पाव्हणा. पण त्यो एकटा येत न्हाई, गोतावळा घेऊन येतोय! मटणातनं आला की संगं चरबी आली. सायीतनं, खव्यातनं आला तरी चरबीच! तुमी पाव्हणा बदलला, गोतावळा त्योच ठेवला. कडधान्यातनं बोलवा त्याला. संगं चोथा येतोय, त्यो कोलेस्टेरॉल बाहेर काढायला हातभार लावतोय. मासाबी चालला असता, पण आता माळ घातलीया तर हुलगं खावा, मटकी खावा. आणि शेतात सोयाबीन पिकवून सगळं तेलाच्या गिरणीला घालताय, मूठभर घरात ठेवा की!"

केरबानं मान खाली घातली. समोर वस्तादांची लेक होती, आणि वस्तादांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. "शालन," म्हणाला, "वाढ तुझी उसळ."

मग काय मंडळी! हुलग्याचं गरम पातळ माडगं, मटकीची उसळ, लोणी काढलेलं ताक, मूठभर शेंगदाणे. गोळ्या वेळेवर, आणि सकाळी चालणं, आधी ओढ्यापर्यंत, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत. म्हैस लांबून बघायची, हा माणूस येईना कसा!

यात्रेच्या तोंडावर रक्त तपासलं. आकडा घसरला! डॉक्टरीणबाईंनी त्याला यंत्राच्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं, छातीची पट्टी पुन्हा पुन्हा बघितली. मग हसल्या. "पायथ्यापासनं काठी पोरं आणतील. शेवटच्या पायऱ्या तुमच्या. पण कळ आली तर तिथंच थांबायचं!"

आला यात्रेचा दिवस! हलगी कडाडली, गुलाल उधळला! शेवटच्या वळणावर केरबानं काठी घेतली. शालननं पदर तोंडात धरला. एक पायरी... दुसरी... कळ नाही! श्वास भरलेला, पण मोकळा! वर कापडं फडफडली, खाली पैलवान नाचला, असा नाचला की दोर धरणारे धापा टाकायला लागले! भैरोबाच्या दारात काठी टेकली आणि सारा डोंगर ओरडला — चांगभलं! तुम्हीही म्हणा — चांगभलं! अहो, जोरात!

आता सांगा, मघाशी माना कुणी डोलावल्या? माळ गळ्यात असते बाबांनो, तूप पोटात जातं! तुमच्यातल्या प्रत्येकाची एक काठी आहे. कुणाला लेकीचं लग्न उभं करायचंय, कुणाला नातू खेळवायचाय. ती पेलायला काळीज धड नको का?

आज महाप्रसादाला बासुंदी ठरली होती. मी सकाळीच आचाऱ्याच्या हातापाया पडलो आणि मटकी भिजत घालायला लावली. हां, तोंडं वाकडी करू नका! हे नामस्मरण झालं की सगळ्यांनी पंगतीला बसायचं आणि उसळ मागून घ्यायची. पहिलं पान माझं वाढा!