फळ्यावर आलं म्हणजे झालंच!

...आणि वर शेजारच्या गल्लीतले मलाच विचारतात, 'काका, तुम्ही खोटं लिहिलंत?' खोटं? मी? अहो, चौतीस वर्षं शाळेच्या कचेरीत दाखले लिहिले, एका पोराच्या जन्मतारखेत एका दिवसाची चूक नाही, आणि आता निवृत्तीनंतर गल्लीच्या तोंडावरच्या फळ्यावर खडूनं बातम्या लिहितो, फुकट, भर उन्हात, तर मी खोटारडा! तुम्हाला सांगतो, कुणाचं भलं करायची सोयच राहिली नाही.

त्या फळ्याचा एक नियम आहे. माझाच. शिक्क्याचा कागद असेल तरच लिहायचं. कारण पूर्वी कुणीही यायचं, खडू उचलायचं, 'उद्या पाणी नाही' असं खरडायचं, की अख्खी गल्ली बादल्या, पातेली, चहाचे कपसुद्धा भरून बसायची, आणि दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी! म्हणून म्हटलं, शिक्का दाखवा, मगच बातमी. तेव्हापासून गल्लीत लहानथोर सगळे म्हणतात, फळ्यावर आलं म्हणजे झालंच!

आता मूळ दुखणं ऐका. दुखणं म्हणजे आमच्या हिचा गुडघा. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, 'रोज बागेपर्यंत चाला.' बाग कुठे? गल्लीच्या पार त्या टोकाला! मध्यावर, शिवणवालीच्या दुकानासमोर एक बाक होतं, तिथे जरा टेकायचं आणि पुढे जायचं, असा हिचा बेत. आणि नेमकी त्याचीच फळी मोडली, दोन लोखंडी पाय तेवढे उरले. झालं! ही जी घरात बसली ती चार महिने. गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघायची आणि स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाची टपटप ऐकायची. 'अहो, तो नळ...' 'बघतो गं उद्या!' पुढे पुढे तर नळाचंही बोलेना. ती बोलत नाही ना, तेव्हा मला फार भीती वाटते, खरं सांगतो.

मी नगरपालिकेत अर्ज केले. एक, दोन, पाच! आणि एके सकाळी त्यांच्या कार्यालयातून कागद आला, खाली गोल, निळा, ठसठशीत शिक्का: 'बाकाची दुरुस्ती पूर्ण. तक्रार निकाली.' अहो, हरखलोच मी! आता शंभर पावलं चालून डोळ्यांनी बघावं की नाही माणसानं? नाही बघितलं! शिक्का होता ना! तडक फळा गाठला, मोत्यासारखं अक्षर काढलं, 'बाक दुरुस्त झाले', आणि घरी येऊन आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर ही नाही! काठी नाही, चपला नाहीत! गॅलरीतून फळा तेवढा दिसतो, बाक नाही; तो वाचला आणि निघाली की हो! मी ओल्या डोक्यानं, उलटा सदरा घालून धावत सुटलो... बघतो तर ही विजेच्या खांबाला धरून उभी, पाय थरथरतायत, आणि समोर ते दोन लोखंडी पाय. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, 'अहो, फळ्यावर होतं.' लाज वाटली हो. उभ्या जन्मात वाटली नव्हती एवढी.

तेवढ्यात शिवणवाली मशीनपुढचं आपलं स्टूल घेऊन आली, 'बसा काकू,' आणि स्वतः उभ्यानंच बटणं लावायला लागली. समोरचा सुतार, अख्ख्या गल्लीचा मामा, कानावरची पेन्सिल चाचपत बाहेर आला. 'काय म्हणता? दुरुस्त झालं म्हणून फळ्यावर आलंय?' मी म्हटलं, 'मामा, चुकलं, आत्ता पुसतो.' तर अंगावरच आला! 'पुसता कशाला? आजवर आपला फळा कधी खोटा पडलाय? फळ्यावर आलं म्हणजे झालंच!' गेला आत, कुठल्याशा जुन्या दाराची फळी काढली, रंधा मारला, भोकं पाडली, बोल्ट आवळले, आणि दोन तासांत बाक तयार! पहिली ही बसली. पाच मिनिटं. मग उठली आणि चालायला लागली... बागेकडे! मी मागे मागे, डोळे पुसत. घाम होता, घाम!

इथे संपायला हवं होतं. पण आमची गल्ली! दुसऱ्या दिवशी दूधवाला हजर. 'काका, लिहा, गटाराचं झाकण बसलं.' 'बसलंय?' 'नाही.' 'शिक्का?' 'तुम्ही लिहा हो, संध्याकाळपर्यंत बसवतो!' लिहिलं. आणि बसवलं की पठ्ठ्यानं! मग जिन्यातला दिवा लागला, तळमजल्यावरच्या आजींची खिडकी नीट मिटायला लागली. आधी बातमी, मग काम! असा उफराटा कारभार कुठे पाहिलात? बरं, ओरडावं तर गल्ली सुधारतेय, आणि गप्प बसावं तर माझा नियम गेला ना गटारात! झाकणासकट!

आणि आज सकाळी खडू घेऊन जातो, तर फळ्यावर आधीच लिहिलेलं. अक्षर ओळखीचं, आमच्या किराण्याच्या यादीतलं: 'पहिला मजला. काकांनी गळका नळ दुरुस्त केला.' अहो, मी काय प्लंबर आहे? वर बघितलं, गॅलरीतली खुर्ची रिकामी. ही आपली बाकावर, शिवणवालीच्या हातावर टाळी देऊन खदखदा हसतेय! किती दिवसांनी हसली म्हणून मला धड रागावताही येईना. आत्तापर्यंत अकरा जण 'अभिनंदन काका' म्हणून गेले. आता काय करणार... फळ्यावर आलं म्हणजे झालंच. ते जाऊ दे, तुमच्यापैकी कुणाकडे पाना आहे का हो?