ब्रेकला ग्रीस

इंजिनियर लोकांचं फार कौतुक चाललंय, म्हणून सांगतो. ऐंशी सालच्या आसपास मी रबाळ्याला एका बांधकामावर फोर-व्हील ड्राइव्ह जीप सांभाळायचो. आठवड्याला सांध्यांना ग्रीस मारायचं, गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं. एकदा ब्रेक दाबला की चाकं किंचाळायला लागली.

आमचे नवे इंजिनियर साहेब म्हणाले, "ग्रीस कमी पडतंय. ब्रेकचे ड्रम उघड."

"साहेब, ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीस लावत नाहीत. गाडी थांबणार नाही."

"मशीनचं मला शिकवतोस?"

मी हात लावेना, तेव्हा त्यांनी स्वतःच ड्रम उघडून चारही चाकांत बोटांनी ग्रीस थापलं. तेवढ्यात घणसोलीचा बाळाराम ड्रायव्हर जेवून आला. त्याला शेजारी बसवून साहेबांनीच गाडी काढली. मी ओरडत मागे धावलो. उतारावर ब्रेक लागलाच नाही, जीप थेट खाडीच्या चिखलात गेली. दोघांचं खरचटण्यावर निभावलं, नाहीतर बाळारामच्या बायकोला मी काय सांगणार होतो?

मी पोचलो तेव्हा कंबरभर चिखलात उभे राहून साहेब त्याला बजावत होते, "हे कुणाला सांगायचं नाही."

बाळाराम शांतपणे म्हणाला, "मी कशाला सांगू साहेब? सगला गाव बांधावर उभा हाय."