मेलेल्या जमिनीची पाहणी

नाही, पण मला एक सांगा, जमीन मेली आहे की जिवंत, हे माणसानं ओळखायचं कसं? नाडी कुठे बघायची? नाकाशी सूत धरायचं? पण आमच्या नगररचना खात्याचा नियमच असा, की शेती सुटलेल्या जमिनीवर घरं बांधायची असतील तर तिच्यात आता काही पिकत नाही, हे आमच्यापैकी कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं! आणि अर्ज कुणाचा? आमच्या मेव्हण्याचा! मी म्हटलं, साहेब, घरातलं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. तर साहेब चष्मा पुसत म्हणतात, "मेव्हणा ना? मग तुम्हीच जा. बायकोच्या भावाबद्दल चांगलं लिहिणारा माणूस मी या नोकरीत अजून पाहिला नाही."

आता बोला!

तिकडे घरी ही दारातच उभी. तुम्हाला सांगतो, आम्ही राहतो दीड खोलीत, आणि खाली लेथचं वर्कशॉप. मशीन सुरू झालं की आमच्या कपबश्या चालत चालत फडताळाच्या कडेपर्यंत येतात, मग आम्ही एकेकीची समजूत काढून तिला आत पाठवतो. आणि परवानगी मिळाली तर कोपऱ्यावरचा प्लॉट हिला द्यायचं भावानं कबूल केलेलं! "एक शब्द लिहायचाय तुम्हाला," ही म्हणते. "मेलेली. बस्स. हात झिजतो का?"

हात नाही हो झिजत, पण जमिनीनंही ऐकायला हवं ना!

गेलो. मेव्हणा बांधावर सुतकी चेहरा करून उभा. "भावोजी, काय सांगू, वडील होते तेव्हा काय पिकायचं! आता गवताची काडी उगवत नाही." बघतो तर खरंच काडी नाही... कशी असेल? मागे उपटलेल्या गवताचा हा एवढा ढीग, त्याच्या सावलीत गडी खुरपं उशाला घेऊन झोपलेला! म्हटलं, हे काय? "हे होय? शेजाऱ्याचं. वाऱ्यानं आलं." मुळासकट! वाऱ्यानं! आणि जमीन म्हणे मेलेली! मी छत्री टेकवून उभा होतो, ती पटकन उचलली. दांडा लाकडी आहे हो, मोड फुटले तर ऑफिसात काय तोंड दाखवू?

बरं, मेव्हणा मुळात उतावळा. परवानगीचा पत्ता नाही आणि हा प्लॉट पाडून मोकळा! कोपऱ्याकोपऱ्यावर खुंट्या, मधून सुतळी. आणि खुंट्या कसल्या? बांधावरच्या झाडाच्या हिरव्यागार फांद्या तोडल्या, टोकं काढली आणि दिल्या ठोकून! मी पाहिलं, पण बोललो नाही. बोललो असतो तर घरी ऐकावं लागलं असतं, "माझ्या भावाचं बरं झालेलं बघवत नाही तुम्हाला!" आपलं मुकाट्यानं लिहिलं, सध्या शेती दिसत नाही. साहेब म्हणाले, "सध्या म्हणजे? पाऊसकाळ होऊन जाऊ द्या, मग पुन्हा बघून या. मेली असेल तर तेव्हाही मेलेलीच असेल."

झाला पाऊसकाळ. या खेपेला हीसुद्धा बरोबर, स्वयंपाकघराची जागा बघायला! फाटकातून आत शिरलो आणि... अहो, खुंट्यांना पालवी! पालवी कसली, झाडंच! कवायतीला उभी केल्यासारखी ओळीत, माझ्या डोक्याच्या वर, सुतळीवरून वेल झोके घेतायत, मेव्हण्याच्या भावी दिवाणखान्यात एक पक्षीण अंड्यांवर बसलेली, आणि आमच्याकडे बघते अशी, की जणू अतिक्रमण आमचंच! आणि जमीन म्हणे मेलेली!

ही शांतपणे दोन झाडांच्या मध्ये जाऊन उभी. "अहो, इथे ओटा. खिडकी पूर्वेला."

मेव्हणा घाम पुसत, "भावोजी, झाडं नव्हेत हो ही. खुंट्याच आहेत. जरा उत्साहात आहेत, इतकंच."

"अरे, या खुंटीला फुलं आलीत!"

"मग उपटतो ना आत्ता!"

आणि लागला की उपटायला! ओढतोय, ओढतोय, तोंड लालबुंद, शेवटी झाड जागच्या जागी आणि मेव्हणा चिखलात उताणा! सगळ्या रानात एकच खुंटी हाताला आली. नेमकी आमच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटची.

ही ती खुंटी हातात धरून मला म्हणते, आवाज एकदम खाली, "लिहा ना हो. त्या कपबश्या सावरून सावरून दमले मी." आता हे ऐकल्यावर पेन जड होतं हो... पण खोटं लिहायचं म्हणजे त्या पक्षिणीच्या तोंडावर लिहायचं! लिहिलं. जमीन जिवंत आहे, परवानगी देऊ नये.

मेव्हण्यानं बोलणं टाकलं. हिनं ती खुंटी आणि डबाभर तिथलीच माती घरी आणली, आमच्या एकुलत्या एका पूर्वेकडच्या खिडकीत ठेवली, रोज पाणी घालते. आणि तुम्हाला सांगतो, त्या रानात सुतळीलासुद्धा मुळं फुटली असतील, पण आमच्या डब्यात? ढिम्म! एक पान नाही! रोज सकाळी डबा माझ्या नाकासमोर. "बघा! मेलेली आहे की नाही? आता तरी लिहा!"

शेवटी म्हटलं, लिहितो बाई. डबाभर जमीन मेलेली आढळली, घर बांधायला हरकत नाही.

परवा बघतो तर डब्यात मुंग्या राहायलासुद्धा आल्या. सहकुटुंब. पूर्वेची खिडकी त्यांना मिळाली.