नवसाची राख

हसू नका, पण आमच्या चर्चच्या झावळ्या एका वर्षी माझ्याच गायीनं खाल्ल्या.

दुष्काळ होता. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीला शिंदीची पानं कुठं मिळेनात, म्हणून सहकारी कारखान्यावरून उसाचं हिरवं वाढं, म्हणजे शेंड्याची पानं, आणलं. या झावळ्या वर्षभर जपायच्या, मग जाळून राखेच्या बुधवारी ती राख कपाळाला लावायची, ही आम्हा अँग्लिकनांची रीत. माझा नवस होता, गाय जगली तर राख माझ्या घरून येईल.

'होसान्ना' गात चर्चच्या दाराशी पोचलो, तर दावं तोडून आलेली गाय एकेकाच्या हातातलं वाढं ओढायला लागली. गावात आमची ख्रिस्ती घरं दहाच, वाढं असं कितीसं! सगळं फस्त!

पाळकसाहेबांपुढं मला रडूच आलं. "उपाशी हाय हो ती. आता नवसाची राख कुठनं आणू?"

म्हाताऱ्या शांताआत्या म्हणाल्या, "रडती कशाला? सकाळी शेण उचल, गोवरी थाप आन् जपून ठेव."

सगळे हसले. मी मात्र खरंच थापली.

पुढच्या वर्षी माझ्या कपाळावर त्या गोवरीच्या राखेचा क्रूस काढताना पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "गाय बरी आहे ना?"

"व्हय," म्हटलं, "गाभण हाय."